सत्तेचाळीसचा अभ्रा

"मुलीशी नातं?" खिडकीमागच्या कारकुनाने विचारलं.

"आत्या."

"आत्याला जागा नाही हो इथे. आई, वडील आणि पालक, तीनच चौकोन आहेत."

"मग पालक."

"आणि ही ओळ कोरी का? 'मुलीला निवासी शाळेत का पाठवू इच्छिता?' मावशी, आज शेवटची तारीख आहे. पहिला अर्ज नेला तुम्ही आणि शेवटचा आणताय. एवढे दिवस काय लोणचं घातलं होतंत त्याचं?"

 अर्ज तीन आठवडे घरी पत्र्याच्या पेटीत, गोधड्यांखाली पडून होता. बाकी सगळं तिने पहिल्याच दिवशी भरलं होतं. ही एकच ओळ अडली होती, आणि ती अडायला कारणही तसंच होतं. त्या शाळेत मुली राहायला आल्या की त्यांचं काय होतं, हे मुख्याध्यापिकेपेक्षा मावशीला जास्त ठाऊक होतं.

ती बावीस वर्षं शाळेच्या धुलाईघरात होती, साऱ्या शाळेची मावशी. दोनशे मुलींचे कपडे दर सोमवारी तिच्या हाताखालून जात. प्रत्येक कपड्यावर लाल दोऱ्याने नंबर घातलेला असे आणि तो तिनेच घातलेला असे. तोंडं ती फारशी ओळखत नसे, नंबर मात्र पाठ. एकसष्टचा नेहमी एकच मोजा यायचा. दुसरा कुठे जातो ते एकसष्टलाही माहीत नसावं. एकशे तीनच्या खिशात पेन्सिलींची इतकी टोकं निघत की त्यांत एक शाळा चालली असती. फाटलेलं काही तिने कधी तसंच परत पाठवलं नाही. बटण, काज, उसवलेली शिवण, जे असेल ते आधी सुईखालून जायचं आणि मग इस्त्रीला.

आणि उशांचे अभ्रे. नवं सत्र सुरू झालं की नव्या मुलींच्या अभ्र्यांवर पांढरट कडेचे डाग येत, हाताला किंचित कडक लागणारे. कुणाचा डाव्या बाजूला, कुणाचा उजव्या. मावशी ते भिजवायच्या आधी एकेक उलगडून बघायची. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण कुणीतरी बघायला हवं, असं तिला वाटे. साधारण तीन महिने लागत. मग एकेक अभ्रा कोरडा यायला लागायचा आणि मावशी इस्त्रीवाल्या दादांना सांगायची, "आज चाळीस सुकली हो."

घरी येऊन तेच ती खारूला सांगायची. खारू म्हणजे तिच्या भावाची मुलगी. पेन्सिल, वहीचा कोपरा, झग्याची कॉलर, दाताला लागेल ते कुरतडायची, म्हणून खारू. आई गेली तेव्हा अडीच वर्षांची होती. बाप क्रेनवर, जिथे पूल तिथे तो. वर्षातून दोनदा यायचा आणि येताना गेल्या वर्षीच्या मापाचा फ्रॉक आणायचा. खारूला सांभाळलं ते आत्याने. इतर मुलांना राजा-राणीच्या गोष्टी सांगतात, खारूला अभ्र्यांच्या मिळाल्या. संध्याकाळी आत्या दारात चपला काढते न काढते तोच आतून प्रश्न यायचा, "आत्या, आज कोण सुकलं?"

गल्लीतली शाळा पाचवीपर्यंतच होती. तिथले गुरुजी स्वतः घरी आले. म्हणाले, "हिच्या प्रश्नांपुढे माझी उत्तरं संपली. तुम्ही त्या मोठ्या शाळेतच आहात ना? मग कशाला हातचं सोडता?" भावाला फोन केला तर तो म्हणाला, "तुझीच आहे ती. तू म्हणशील तसं." त्याचं काय जातं बोलायला? बोलून फोन ठेवता येतो.

"मावशी, लिहिताय ना? मला खिडकी बंद करायचीय."

तिने पेन घेतलं. तिचं अक्षर मोठं आणि गोल होतं, नंबर घालून घालून तसं झालेलं. तिने लिहिलं : मुलगी हुशार आहे. माझ्याकडे तेवढं नाही.

कारकुनाने वाचलं आणि शिक्का मारला.

लेखी परीक्षेत खारू चौथी आली. मग मुलाखत. मोठ्या बाईंच्या खोलीत दोघी शेजारी शेजारी बसल्या. मावशी त्या खोलीत बावीस वर्षांत पडदे न्यायला आणि पडदे लावायला आली होती. खुर्चीवर आज पहिल्यांदा बसली.

बाईंनी खारूला नकाशा विचारला, गणित विचारलं, मग म्हणाल्या, "घरची आठवण आली तर काय करशील?"

"पहिले तीन महिने सगळ्याच रडतात," खारू म्हणाली. "मग अभ्रे सुकतात."

"कोण म्हणतं असं?"

"आत्या. ती सगळ्यांचे अभ्रे बघते."

मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, पण रागावल्या नाहीत. हातातलं पेन त्यांनी खाली ठेवलं.

"मावशी, एक स्पष्ट सांगते. मुलगी इथे आली की इतर दोनशे जणींसारखी. बाकीच्यांची माणसं महिन्यातून एका रविवारी भेटतात, तसंच तुमचंही. ती धुलाईघरात येणार नाही, तुम्ही वसतिगृहाकडे जाणार नाही. एकदा जरी मोडलं, तरी मला तिची जागा काढून घ्यावी लागेल. बाकीच्यांच्या आया लांब आहेत, त्यांनी काय करायचं?"

"खरं आहे, बाई."

"चाळीस पावलांवर असताना जमेल?"

"न जमून सांगते कुणाला?" मावशी म्हणाली.

यादी लागली त्या दिवशी कारकून स्वतः धुलाईघरापर्यंत आला. "सत्तेचाळीस," एवढंच म्हणाला आणि हसला. इस्त्रीवाल्या दादांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाले, "तिचे कपडे पहिल्यांदा मी करणार. माझी घडी आहे, लग्नापर्यंत मोडायची नाही."

सुट्टीच्या दुपारी मावशी घरी नंबर घालत बसली. सहा झगे, चार चादरी, दोन अभ्रे, मोजे, रुमाल. खारू शेजारी पालथी पडून बघत होती.

"माझ्याआधी सत्तेचाळीस कोण होती गं?"

"होती एक. हट्टी. गादी ओली करायची."

"आता?"

"आता नर्स आहे. लोकांच्या गाद्या बदलते."

खारू खूप हसली. मग म्हणाली, "मी नाही हं करणार."

"बघू की."

"आत्या, तू माझा अभ्रापण बघशील?"

"सगळ्यांचे बघते. तुझा काय वगळू?"

"आणि तो ओला असला तर?"

"तर काय, धुवायचा." मावशीने दोरा तोडला. पण तोडताना बोटाला सुई लागली आणि ती "आई गं" म्हणाली, आणि मग डोळ्यांत पाणी आलं ते काही सुईएवढं नव्हतं. खारू बघत राहिली. कॉलर तिच्या तोंडात होती.

शाळा उघडली त्या दिवशी मावशीने इतर पालकांसारखी फाटकापाशी रांग लावली. रेक्टरबाईंनी नाव विचारलं, पेटी आत घेतली, मुलगी आत घेतली. खारू वळून बघेल म्हणून मावशी थांबली. खारू वळली नाही. मग मावशी कुंपणाला वळसा घालून मागच्या दाराने कामावर गेली.

पहिल्या सोमवारी तिने सत्तेचाळीसच्या कपड्यांची मोटली सगळ्यात शेवटी सोडली. अभ्रा काढला, उलगडला, उजेडाकडे धरला. डाग नव्हता. दुसऱ्या बाजूने बघितलं. तिकडेही नव्हता. पंचेचाळीस, सेहेचाळीस, अठ्ठेचाळीस, साऱ्या नव्या पोरी डोळे गाळून बसलेल्या, आणि हिचा अभ्रा कोरडा ठणठणीत.

"दादा, आमची घट्ट निघाली हो," ती म्हणाली.

"तुझीच ना," दादा म्हणाले.

दिवसभर ती आनंदात होती. घरी गेल्यावर मात्र रिकाम्या खोलीत भांडी घासताना तिला वाटलं, इतकंही घट्ट असू नये माणसाने. एवढी नऊ वर्षं वाढवली, एक थेंबसुद्धा नाही? आणि असं वाटलं याची तिला लाजही वाटली.

दुसऱ्या सोमवारी दुसरा अभ्रा आला, तोही कोरडा. तो पाण्यात टाकता टाकता तिचा अंगठा एका रेषेवर अडला. मधोमध आडवी रेष, तिला छेदून उभी. दादांची घडी. धारदार, जशी इस्त्रीखालून निघाली होती तशीच. मावशीने अभ्रा नाकाला लावला. तेलाचा वास नाही, केसांचा नाही. नुसता साबणाचा. एक केसही त्याला चिकटलेला नव्हता.

त्यावर कुणी डोकंच ठेवलं नव्हतं.

मावशी पाटावर बसली. पोर आठ दिवस अभ्रा काढून ठेवत होती, घडी न मोडता. उघड्या उशीवर झोपत होती. आणि सोमवारी तो बाकीच्या कपड्यांत घालून पाठवत होती, आत्याला दिसावा म्हणून. रडलेलं कुठे दिसतं, हे त्या पोरीला आत्यानेच शिकवलं होतं. दोनशे परक्या पोरींना आपल्या उशीवर मोकळं रडता येत होतं, आणि एवढी एकच होती जिला ते जमत नव्हतं, कारण तिची आत्या धुलाईघरात होती.

मावशीला वाटलं, उठावं, चाळीस पावलं जावं आणि सांगावं, रड बाई, पोटभर रड. पण मोठ्या बाईंना दिलेला शब्द होता आणि पोरीची जागा होती. तिने अभ्रा बाकीच्यांबरोबर धुतला, वाळवला. दादांनी पुन्हा तीच घडी घातली. तिसऱ्या सोमवारीही घडी तशीच परत आली.

भेटीच्या रविवारी झाडाखालच्या बाकावर दोघी बसल्या. मावशीची पहिली नजर कॉलरवर गेली. कॉलर नवी कोरी होती. दातही लावलेला नव्हता.

"झोप लागते का गं?"

"मस्त. पडल्या पडल्या." खारू पाठ सरळ करून बसली होती. "अभ्रा बघितलास ना? कोरडा असतो."

यावर काय बोलायचं ते मावशीने आठ दिवस मनात घोळवलं होतं. आयुष्यात ती फारसं खोटं बोलली नव्हती आणि बोलली तेव्हा लगेच पकडली गेली होती.

"अगं कुठला बघितला? सांगायचंच राहिलं, आमच्याकडे मशीन आलंय."

"कसलं?"

"धुण्याचं. एवढं मोठं, कपाटाएवढं. मोटली सोडायची, आत ओतायची, झाकण लावायचं. संपलं काम."

"आणि अभ्रे?"

"अभ्रेपण त्यातच."

"तू उलगडून बघत नाहीस?"

"बघू देतंय कुठे ते! धुऊन, पिळून बाहेर. मग सगळे सारखेच दिसतात."

खारू तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मावशीने पदर नीट केला, मग पुन्हा एकदा नीट केला.

"मग कोण सुकलं ते कसं कळतं?"

"नाहीच कळत आता."

"तुला कंटाळा येत असेल."

"येतो," मावशी म्हणाली. हे मात्र खरं होतं.

 पलीकडच्या बाकावर कुणाची तरी आई केस विंचरून देत होती. घंटा व्हायच्या थोडं आधी मावशीने पाहिलं, खारूची पाठ वाकली होती आणि कॉलरचं टोक हळूच तोंडात गेलं होतं.

सोमवारी सत्तेचाळीसची मोटली तिने सगळ्यात आधी सोडली.

अभ्रा बोळा होऊन आला होता. घडीचा मागमूस नव्हता. तेलाचा डाग होता, दोन केस होते आणि मधोमध, आजवर कुणाचा नव्हता एवढा मोठा, पांढऱ्या कडेचा डाग. एक कोपरा दाताने कुरतडून पार दशा काढलेला. मावशीने तो अभ्रा मांडीवर पसरला आणि त्यावरून हात फिरवला. तिला फार बरं वाटलं. आणि त्याच घटकेला इतकं वाईट वाटलं की पदर तोंडाला लावावा लागला.

"काय गं, तो वेगळा का ठेवलास?" दादांनी विचारलं.

"डाग आहे."

"जाईल ना?"

"जाईल. तीन महिने लागतात."

दादांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं, मग समोरच्या चादरीवर पाणी शिंपडलं आणि इस्त्री फिरवायला लागले.

संध्याकाळी वाळलेले कपडे काढताना तिने सवयीने सुई ओवली आणि कुरतडलेला कोपरा बोटांत धरला. दोन टाक्यांचं काम होतं. पहिला टाका घालायला सुई टेकवली आणि ती थांबली. सुई पुन्हा दोऱ्याच्या गुंडीत खोचली. बावीस वर्षांत पहिल्यांदा एक फाटका अभ्रा तिने तसाच दादांकडे सरकवला, कारण धुण्याच्या मशीनला शिवता येत नाही.