मधुमालतीची हजामत

उस्तादांनी आयुष्यभर लोकांचे केस कापले, आणि त्या कामात आपला हात धरणारा कोणी नाही असं त्यांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं होतं की शेवटी गल्लीनेही कंटाळून ते मान्य करून टाकलं. चौकातलं सलून त्यांचंच. तीन खुर्च्या, भिंतभर आरसा, आणि मधली खुर्ची फक्त उस्तादांची. तिथे बसलेल्या माणसाने स्वतःच्या केसांबद्दल तोंड उघडायचं नाही असा अलिखित नियम होता.

गेल्या वर्षी मात्र त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. फार नाही, बशीत कप वाजेल इतपत. उस्ताद म्हणाले, थंडी आहे. उन्हाळा लागला तेव्हा म्हणाले, पंख्याचा वारा लागतोय. मग एके दिवशी एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाची पाळी कात्रीत आली. गिऱ्हाईक भला माणूस, कानाला कापूस दाबून हसतहसत गेला, पण पुढच्या खेपेला आला तो थेट उस्तादांच्या मुलाच्या खुर्चीत जाऊन बसला. त्याच आठवड्यात मुलाने फार गोड शब्दांत वडिलांना आराम करायला सांगितलं. उस्तादांना त्या आराम शब्दाचा असा काही राग आला की त्यांनी मुलाशी बोलणंच टाकलं. कात्री, कंगवा आणि पाणी मारायची बाटली टॉवेलात गुंडाळून ते तणतणत घरी आले.

घरी त्यांच्या बायकोचं वेगळंच चाललं होतं. तिने शेजारच्या कंडक्टरकडून मधुमालतीची एक फांदी आणून फाटकापाशी लावली होती, आणि वेल चढवायला लोखंडी कमान बसवून घेतली होती. तिचं म्हणणं साधं होतं. लग्न झाल्यापासून या घरात तिने दाढीच्या साबणाचा, पावडरीचा आणि परक्या डोक्यांच्या तेलाचा वास घेतला. आता म्हातारपणी दारात एक तरी वास तिच्या आवडीचा असू दे. मधुमालतीचं फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग लाल, आणि अंधार पडता पडता असा घमघमाट सुटतो की चहा निवला तरी माणूस उठत नाही. पायरीवर बसून तो वास घ्यायचा, एवढंच तिला हवं होतं.

वेल पटापट वाढली आणि कमानीवर चढली. मग एका सकाळी तिची एक फांदी फाटकातून आत येणाऱ्या उस्तादांच्या डोळ्यावर आली. उस्तादांनी खिशातून कात्री काढून ती उडवली. तेवढ्यात त्यांना शेजारची फांदीही जरा लांब वाटली. मग त्या दोघींमुळे तिसरी वाईट दिसायला लागली. तासाभराने उस्ताद मागे सरून बघतात तो काय, कमानीची डावी बाजू एकदम टापटीप. त्यांचा जीव इतका सुखावला की त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले.

तेव्हापासून दर रविवारी वेलीची हजामत ठरलेली. सलूनला रविवारी गर्दी असायची, म्हणून इथेही रविवारच. खाली जुनी चादर अंथरायची, बाटलीने पाणी मारायचं, कंगव्याने पानं पुढे ओढायची आणि कात्री चालवायची. फाटकाच्या दोन्ही खांबांवर त्यांनी वेलीला चक्क कल्ले ठेवले होते. गिऱ्हाईक म्हणून वेल गुणी होती. ती मान हलवत नव्हती, मागून बारीक करा म्हणत नव्हती, आणि मुख्य म्हणजे तिला कान नव्हते. हात थरथरला तर एखादं पान जास्त जायचं, त्याची तक्रार कोण करणार? रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. वेल मुलाखतीला निघालेल्या उमेदवारासारखी दिसायची.

फुलाचा मात्र पत्ता नव्हता.

आणि तिकडे कंडक्टर. हा माणूस नोकरीतून सुटल्यापासून कशासाठीही वाकला नव्हता. त्याची मधुमालती भिंतीवरून, स्वयंपाकघराच्या खिडकीवरून, कपडे वाळत घालायच्या दोरीवरून मनाला येईल तिकडे गेली होती. एक बनियन तर तिने असा गिळला होता की तो सोडवायचा नाद कंडक्टरने सोडून दिला होता. तिला तो कधी पाणीसुद्धा घालत नसे. आणि ती निर्लज्ज वेल नखशिखांत फुलली होती. संध्याकाळी तिचा वास भिंत ओलांडून फुकटात इकडे यायचा आणि उस्तादांची बायको पायरीवर बसून शेजाऱ्याचा वास घ्यायची. उस्तादांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्यांनी कंडक्टरला सरळ सुनावलं की तुम्ही आम्हाला भाकड फांदी दिलीत. कंडक्टर म्हणाला की फांदी एकाच वेलीची, त्यात काळंबेरं काही नाही, आणि जांभई दिली.

मग उस्ताद इरेला पेटले. शेणखत झालं, चहाचा चोथा झाला, अंड्याची टरफलं झाली. पानांना साबणाच्या पाण्याने आंघोळ झाली. तरी काही होईना, तेव्हा त्यांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. केस जितके बारीक कापाल तितके दाट येतात, असं ते जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आले होते, आणि पंचाईत अशी की त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता. ते वेल आणखी बारीक कापायला लागले. एकूण एक शेंडा उडवला. वेलीने बिचारीने पुन्हा शेंडे काढले की रविवारी उस्ताद हजर. बायको चहाचा कप घेऊन पायरीवर यायची, वेलीकडे बघायची आणि छान झालीय म्हणून आत जायची.

एका संध्याकाळी कंडक्टरने भिंतीपलीकडून हाक मारली आणि त्यांना आपल्या अंगणात बोलावलं. उस्ताद कपाळाला आठ्या घालून गेले. भिंतीच्या तळाला एक वीट निसटून भोक पडलं होतं. त्यातून एक फांदी या बाजूला आली होती आणि भिंतीला धरून वर चढली होती. तिच्या शेंड्याला पांढऱ्या, गुलाबी, लाल फुलांचा ओंजळभर घोस लोंबत होता.

"ही तुमची आहे," कंडक्टर म्हणाला. "म्हटलं, सांगितलेलं बरं. नाहीतर उद्या म्हणाल, फुलंही पळवली."

उस्तादांनी फांदीला बोट लावलं आणि ते बोट मागे मागे नेत भोकापर्यंत आले. मग आपल्या अंगणात जाऊन भोकापासून बुंध्यापर्यंत. फांदी खरंच त्यांची होती. कात्री जिथे पोचली नव्हती तिथेच ती फुलली होती. रविवारची कापणी अजून कोपऱ्यातल्या टोपलीत पडून होती. उस्तादांनी उकिडवं बसून त्यातला एक शेंडा उचलला आणि डोळ्यांजवळ धरला. शेंड्याच्या टोकाला बारीक, हिरव्या, मिटलेल्या कळ्या होत्या. दुसऱ्यालाही होत्या. सगळी टोपली कळ्यांनी भरलेली होती, आणि असल्या किती टोपल्या त्यांनी आजवर कचऱ्यात रिकाम्या केल्या होत्या.

बायको आत लसूण सोलत होती. त्यांनी तो शेंडा तिच्यासमोर ठेवला. तिने एकदा बघितलं आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.

"तुला माहीत होतं," उस्ताद म्हणाले.

"पहिल्या रविवारपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही काय कापलं असतं?"

ज्या माणसाने आरशासमोर बसवून भल्याभल्यांना गप्प केलं, तो लसणाच्या सालीकडे बघत उभा राहिला. त्यांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त, बायकोला आपली कीव येत होती की काय या शंकेने ते कासावीस झाले. पण तिच्या चेहऱ्यावर कीव नव्हती. कंटाळा होता थोडा, लसणाचा.

त्यांनी कात्री टॉवेलात गुंडाळली आणि कपाटात टाकली. वेलीला हात लावायचा नाही, अशी शपथच घातली स्वतःला.

वेल सुसाट सुटली. कल्ले गेले, भांग गेला, कमानीखालून वाकून जायची वेळ आली. पेपर टाकणाऱ्याने एकदा पेपर तिच्यातच टाकला आणि तो कोणाला सापडला नाही. उस्ताद हे सगळं बघायचे आणि त्यांचे हात शिवशिवायचे. सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न त्यांना खाऊ लागला. त्यांनी घरातली सगळी घड्याळं पुसली. चमचे लांबीप्रमाणे लावले. एकदा झाडूचे वाढलेले हीर कापायला घेतले, तेव्हा बायकोने झाडू काढून घेतला. हात रिकामा राहिला की जास्तच थरथरायचा, म्हणून ते तो मांडीखाली दाबून बसायला लागले. सलून गेलं तेव्हा निदान राग तरी होता. आता रागही नव्हता, नुसतं बसणं होतं.

आणि मग मधुमालती फुलली. थोडीथोडकी नव्हे, सगळी कमान एकदम. वास घरात शिरला, कपाटात शिरला, उशीला लागला. बायको कप घेऊन पायरीवर बसली ती हलेना. मला फार बरं वाटतंय, असं तिने तोंडाने सांगितलं, आणि ती सहसा असलं काही सांगणारी बाई नव्हती. उस्ताद तिच्या शेजारी बसले होते. तिचा आनंद बघून त्यांना खरंच आनंद झाला होता, आणि तरीही त्यांना मोठ्याने रडावंसं वाटत होतं.

तिने त्यांच्याकडे एकदा बघितलं, मग मांडीखाली दाबलेल्या हाताकडे बघितलं. कप खाली ठेवून ती आत गेली. परत आली तेव्हा तिच्या गळ्याभोवती टॉवेल होता, हातात कंगवा आणि कात्री. ती एक पायरी खाली, त्यांच्याकडे पाठ करून बसली आणि तिने अंबाडा सोडला. पांढरे केस पाठीवर मोकळे झाले.

"टोकं फाटलीत. जरा कापून द्या."

"हात थरथरतो माझा," उस्ताद म्हणाले. हे वाक्य त्यांनी आजवर कोणापुढेही उच्चारलं नव्हतं.

"थरथरू दे. मला कुठे आता लग्नाला उभं राहायचंय."

त्यांनी कंगवा फिरवला. कात्री उघडली, थांबले, पुन्हा उघडली. टोकं कापून होईपर्यंत संध्याकाळ सरत आली. कापून झाल्यावर ते मागे सरले आणि बघितलं. सरळ रेघ म्हणाल तर नव्हतीच. डावी बाजू चांगली दोन बोटं वर गेली होती. असं काम मुलाने केलं असतं तर त्याला सलूनमधून हाकलून दिलं असतं.

तिने हात मागे नेऊन डावीकडचे केस चाचपले, मग उजवीकडचे. पुन्हा डावीकडचे. मग टॉवेल झटकून ती उठली.

"डावीकडे जास्त गेलेत," ती म्हणाली. "उद्या उजवीकडचे घ्या."