बिनखळीचं झबलं

दुपार कलली की देवकाबाई हातातलं काम टाकून अंगणातल्या दोरीकडे धावायची. झबली, टोपरी, दुपटी, ओली असली तरी काढायची आणि छातीशी धरून आत आणायची. "दिवा लागला का तान्ह्याचं फडकं भायेर दिसू नोये, बाई," एवढंच म्हणायची. वच्छलेला त्याचं काही वाटलं नसतं. तिच्या आईनेही तिला हेच बजावून पाठवलं होतं. पण घड्या घालताना देवकाबाई एकेक झबलं नाकाशी नेऊन, डोळे मिटून हुंगायची. एकदा दाराआडून ते दिसलं, आणि तेव्हापासून बाळाला न्हाऊ घालायला ठेवलेल्या या म्हातारीवरून वच्छलेची नजर हटेना.

वच्छला नागपूरला बी. ए. झालेली. नवरा केवलराम पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर, म्हणून ती या तलावाच्या काठी येऊन पडली. बंगली सरकारी, शेजार असा नाहीच. मागे जंगल, पुढे नजर पोचेल तिथवर पाणी. देवकाबाईची हकीकत तिला इथे आल्यावर कळली. म्हातारीची लेक शामकला तान्हं मूल घेऊन डोंग्यातून सासरी निघाली होती. मध्यावर वारा सुटला, डोंगा पालथा झाला. शामकलेचं प्रेत सापडलं. मूल सापडलं नाही. आणि त्याच्या आदल्या रात्री त्या मुलाचं एक झबलं दोरीवर तसंच राहिलं होतं. आत घ्यायचं देवकाबाई विसरली होती. गावाने त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. देवकाबाईनेही तोच लावून घेतला.

अशा बाईच्या पायांवर आपलं मूल रोज निजवायचं! न्हाणीच्या दाराशी वच्छला पुस्तक घेऊन बसायची आणि पान मात्र उलटायची नाही.

पौषात बाळाला ताप भरला. आधी नुसता खोकला, मग छाती घरघरायला लागली, आणि त्या दुपारी श्वासागणिक पोट आत ओढलं जाऊ लागलं. दवाखाना तलावापलीकडे. गाडीरस्त्याने वळसा घालायचा तर अख्खी रात्र जंगलात गेली असती.

"मोटारबोट काढतो," केवलराम म्हणाला.

ही बोट म्हणजे लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावातून खात्याकडे आलेला जड पत्र्याचा होडगा, मागे लटकवलेली मोटार, आणि ती चालवायला दुधराम ढिवर. वच्छला बाळाला शालीत गुंडाळून बसली तर मागोमाग देवकाबाईही कोणाला न विचारता आत चढली.

"ही कशाला?" वच्छला नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली.

"असू दे गं. शेकायला, धरायला कोणी नको?"

पाणी शांत होतं, शिशासारखं. रानबदकं दूर काळ्या ठिपक्यांसारखी बसली होती आणि मोटारीच्या आवाजानेही उडत नव्हती. वच्छलेचं सगळं लक्ष बाळाच्या श्वासात. मोटारीचा घरघराट आणि बाळाच्या छातीतली घरघर एकमेकांत मिसळून गेली होती. एकाएकी एक आवाज बंद पडला, आणि कोणता ते कळेपर्यंत तिचं काळीज थांबलं.

मोटार थांबली होती.

दुधरामने दोरी गुंडाळून ओढली. पुन्हा ओढली. मोटार खोकली आणि गप्प झाली.

"इथंच थांबते, सायेब," तो हळूच म्हणाला. "मांगल्या खेपेले बी इथंच. शामकला लेकरू मांगून राहिली."

"दुधराम! तोंड सांभाळ, कोण बसलंय बघ जरा!" केवलराम खेकसला. "ड्रमच्या तळचं पेट्रोल भरतोस, मग गंज अडकतो. भूतबित काही नाही."

"मंग गंज इथंच येऊन काऊन अडकते?"

"तेवढ्या अंतरात गाळणी भरते म्हणून! काढ ती वाटी."

देवकाबाईने ऐकलं होतं की नाही कोण जाणे. ती पाण्याकडे बघत बसली होती.

केवलरामने मोटारीखालची काचेची वाटी फिरवून काढली. तळाशी तांबडा गाळ, आणि गाळणीची पितळी जाळी हात लावताच तुकडे होऊन बोटांना चिकटली. नव्या जाळीसाठी त्याने नागपूरला कधीच लिहिलं होतं. ती यायची होती. त्याने वाटी धुतली, नळी तोंडाने फुंकून मोकळी केली. "जाळीच्या जागी फडकं बांधू," म्हणाला. "पातळ, झिरझिरीत पाहिजे."

त्याने स्वतःचा हातरुमाल बांधला. मोटार सुरू झाली, दोन-चार फटके मारले आणि पुन्हा मेली. वाटीत पेट्रोल नुसतं पाझरत होतं, थेंब... थेंब.

"खळ," वच्छला म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "रुमालाला पेजेची खळ आहे. पेट्रोलमध्ये ती विरघळत नाही."

धानाचा मुलूख हा. घरोघर भात शिजायचा, पेज उरायची, आणि धुतलेलं प्रत्येक कापड पेजेतून निघून पापडासारखं ताठ व्हायचं. वच्छलेचा तर त्यात कटाक्ष. तिने पदर चाचपला: ताठ. केवलरामचं धोतर: ताठ. दुधरामचा पंचा गोणपाटासारखा जाड, वर मासळीचा चिकट थर. शाल आणि देवकाबाईच्या अंगावरची वाकळ लोकरीची नि चिंध्यांची, तंतू सुटणारी. वल्हं होतं एकच, आणि वारा उलटा फिरला होता. होडगा आपसूक, सावकाश, एका जागी गोल फिरत होता.

खळ लावत नाहीत ते फक्त तान्ह्याच्या कपड्यांना. टोचतं म्हणून.

तिघांचीही नजर एकदमच बाळाकडे वळली. शालीच्या आत त्याच्या अंगावर मलमलीचं झबलं होतं. धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं.

"वच्छला..." केवलराम म्हणाला.

"नाही."

"अगं, शालीत गुंडाळ ना त्याला. एवढासा तुकडा."

"गार वारा सुटलाय. नाही म्हटलं ना!"

थंडीचं तर खरंच होतं. पण ती सगळ्यात मोठी गोष्ट नव्हती, आणि बी. ए. झालेल्या वच्छलेला ते तोंडाने म्हणता येत नव्हतं. सूर्य झाडांना टेकला होता. दिवेलागण होत आली होती. तान्ह्याच्या अंगचं ओरबाडून या पाण्यावर, याच जागी, कोणाच्या हवाली करायचं? होडग्याच्या पत्र्याला खालून काहीतरी हलकेच थडकलं. लाट असेल. पुन्हा थडकलं, लहान मुलाच्या मुठीएवढं. वच्छलेने बाळाला असं आवळलं की ते कण्हलं.

देवकाबाई उठली.

"बसा तिथंच!" वच्छला ओरडली. "हात नका लावू त्याला!"

म्हातारी जागीच थांबली. वच्छलेकडे तिने एकवार पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. आपल्याकडे काय म्हणून पाहिलं जातंय हे तिला फार दिवस ठाऊक असावं. मग तिने चोळीत हात घातला आणि एक पुरचुंडी काढली. उलगडली. आत एक झबलं होतं. बाहुलीला व्हावं एवढं, पिवळट, पातळ.

"तुमच्या लेकराचं कायले?" ती म्हणाली. "हे घ्या. याले बी खर नाई लावली कधी."

दुधरामने तोंड फिरवलं. केवलरामने हात पुढे केला, पण झबलं फाडायला त्याचा हात धजेना. देवकाबाईनेच ते दातांत धरलं आणि टर्रकन पाठीचा तुकडा काढून दिला. उरलेलं पुन्हा पुरचुंडीत गेलं.

पेट्रोल धारेने उतरलं. पहिल्याच ओढीला मोटार लागली. मागे पाण्यावर जी रेघ उमटत गेली तिच्याकडे देवकाबाई काठ येईपर्यंत बघत राहिली. वच्छलेनेही एकदा मागे पाहिलं. फक्त एकदाच. रानबदकं आता उडाली होती.

डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया; रात्र गेली असती तर हातात काही राहिलं नसतं. सल्फाच्या गोळ्या कुटून आईच्या दुधातून दिल्या. हळूहळू ताप उतरला. बाळ पुन्हा मुठी चोखायला लागलं.

संक्रांत झाली आणि नागपूरहून नवी जाळी आली. केवलरामने ती अंगणातच मोटारीला बसवली आणि जुन्या गाळणीचं फडकं बाजूला भिरकावलं. वच्छलेने ते धुळीतून उचललं. गंजाने तांबडं, पेट्रोलने चिपचिपीत. रिठ्याने धुतलं, गरम पाण्याने धुतलं, वास जाईना, पुन्हा धुतलं. दोरीवर घातलं, बाळाच्या कपड्यांपासून जरा लांब, अगदी टोकाला. देवकाबाई त्या दिवशी लवकर गेली होती.

दुपार कलली तशी वच्छला दोरीपाशी आली. झबली घेतली, टोपरी घेतली, दुपटी घेतली. टोकाला हात गेला आणि थबकला. बाळ आत्ता कुठे बरं झालंय. त्याच घरात हे न्यायचं? त्याच्या कपड्यांत? सकाळी देऊन टाकू म्हातारीला, ती मनाशी म्हणाली, आणि आत येऊन तिने कडी घातली.

दिवा लावला. हात जोडले. खिडकीकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाहिलं. वारा नव्हता. चिंचेचं पानही हलत नव्हतं. दोरीच्या टोकाला तो तुकडा तेवढा हलत होता, कोणी खालून चिमटीत धरून ओढावं तसा. पोचत नसलेल्या हातांनी.

एकदा असंच कोणीतरी म्हटलं असेल, सकाळी घेऊ.

वच्छलेने कडी काढली. अंगण ओलांडून गेली. दोरी दवाने गार झाली होती. तुकडा मात्र कोरडा होता, आणि ऊन. नुकताच कोणाच्या अंगावरून काढावा तसा. तिने तो पदराखाली घेतला, पाठ न दाखवता घरात आली, आणि बाळाच्या कपड्यांच्या चळतीत सगळ्यात वर घडी करून ठेवला.

सकाळी देवकाबाई आली तेव्हा तिने तो तिच्या हातावर ठेवला. म्हातारीने नेहमीसारखा नाकाशी नेला, डोळे मिटले. वच्छलेला वाटलं, पेट्रोलचा वास येणार. आपल्याला अजून धुवायला हवा होता.

देवकाबाईने खूप वेळाने डोळे उघडले.

"सांजच्याले आत घेतलं होतं ना, बाई?"

"हो."

"मंग बेस झालं," देवकाबाई म्हणाली. तिने पुरचुंडी सोडून तुकडा आतल्या झबल्याच्या पाठीवर नीट बसवला, आणि पाय पसरून बसली. "आना. पानी गार होऊन राहिलं."

वच्छलेने बाळ तिच्या पायांवर दिलं आणि दूध तापवायला ती आत निघून गेली.