एका बोटाचं काम

"पप्पा, या एकाच पट्टीवर बोट ठेवायचं. गाणं संपेपर्यंत उचलायचं नाही. बस्स."

मुलीने माझ्या पायपेटीच्या एका पट्टीवर पिवळा टेप चिकटवला. बत्तीस वर्षं मी या चर्चमध्ये दोन हातांनी, दोन पायांनी पायपेटी वाजवतोय आणि माझीच पोरगी मला पट्टी दाखवते! म्हटलं, "आणि बाकीची नऊ बोटं काय खिशात घालू?"

"पप्पा, प्लीज. हल्लीच्या इंडी बँडचा साउंड असाच असतो. साधा, मोकळा."

"साधा आहे तर एवढ्या वायरी कशाला? माणूस तोंडावर आपटेल."

ड्रमवर बसलेले दातांचे डॉक्टर हसले. मुलगी हसली नाही. तरुण मंडळी उपासनेला येईनाशी झाली म्हणून पाळकसाहेबांनी हा बँड तिच्या गळ्यात घातला होता आणि ती बिचारी चार महिने ऑफिस सुटल्यावर इथे राबत होती. हे मला कळत होतं. पण कळलं म्हणून राग थोडाच जातो?

सगळ्यात वैताग त्या टिकटिकीचा. लॅपटॉपमधून सगळ्यांच्या कानात टिकटिक वाजते आणि तिच्या तालावर गाणं पुढे पळतं. अहो, माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान! सहा दिवस मी टिकटिकच ऐकतो. मी कानात काहीही घालणार नाही म्हणून साफ सांगितलं.

पण माझं खरं दुखणं वेगळंच होतं. दीड वर्षापूर्वी बायकोला पक्षाघाताचा झटका आला आणि तिचे शब्द गेले. पाणी हवं असलं तरी "ते", चष्मा हवा असला तरी "ते", आणि मला हाक मारायची तरी "ते". गीत मात्र सगळंच्या सगळं येतं. कडव्यांमागून कडवी, एक शब्द चुकत नाही, फक्त फार सावकाश. म्हणून मी प्रत्येक ओळीचा शेवटचा सूर ती पोचेपर्यंत धरून ठेवायचो. मंडळीही तिच्यासाठी थांबायची, कुणी कधी कुरकुर केली नाही. आठवड्यातून तेवढा एकदा मला माझ्या बायकोचा आवाज ऐकायला मिळायचा.

"आईचं काय?" मी मुलीला विचारलं.

"आईला आवडतंय, पप्पा. ड्रम वाजले की पाय हलतो तिचा."

"पाय हलतो गं, पण तोंड?"

तिने गिटार उचलली. मग म्हणाली, "तिच्यासाठीच वेग कमी केलाय. पण ओळीओळीला थांबणं लॅपटॉपला नाही जमत." आणि गिटार जुळवायला निघून गेली.

रविवारी चर्च भरलं. मागे पोरं उभी होती. गीत आमचं जुनंच, वाजवणं तेवढं नवं. गाणं वाईट नव्हतं, खरं सांगतो, आणि त्याचाही मला रागच आला. पहिली ओळ बायकोने गाठली. दुसऱ्या ओळीत दोन शब्द मागे पडली. तिने पहिल्या बाकावरून माझ्याकडे पाहिलं. चुकली की ती माझ्याकडेच बघते. आणि मी काय करत होतो? पिवळ्या टेपवर बोट दाबून मुकाट पाय मारत होतो. दुसऱ्या कडव्याला तिने तोंड मिटलं आणि मांडीवरच्या रुमालाची घडी घालत बसली. मला तेव्हा तो लॅपटॉप उचलून आपटावासा वाटला.

चौथं कडवं संपलं. ड्रम थांबले, गिटार थांबली. मुलीने मला हाताने खूण केली, पुरे.

मी बोट उचललं नाही. गाणं संपेपर्यंत उचलायचं नाही, असं तीच म्हणाली होती ना? मग! गाणं कुठे संपलं होतं?

पाळकसाहेब पुस्तक उघडून उभे राहिले ते उभेच. चर्चभर तेवढा एकच सूर. बायकोने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि जिथे मागे पडली होती, बरोबर तिथून गायला लागली. पहिल्या कडव्याची दुसरी ओळ. एकेक शब्द, स्वच्छ. मागची पोरं चुळबुळली, मग शांत झाली.

तिच्या तिसऱ्या कडव्याला माझे गुडघे बोंबलायला लागले. पाय अडखळले, सूर खाली बसू लागला. मुलगी माझ्याकडे येताना दिसली. आली ही बोट उचलायला, असं वाटून मी ते आणखी घट्ट दाबलं.

तिने टिकटिकीचा इअरफोन कानातून काढून खिशात टाकला, माझ्या पायांशी जमिनीवर बसली, माझे पाय बाजूला सारले आणि दोन्ही हातांनी भात्याचे पायटे दाबू लागली. सूर पुन्हा भरला.

"जरा हळू," मी म्हटलं. "आईकडे बघून."