मिस्त्रीचा कान

“मिस्त्री, आता तुम्हीच सांगा. कुठली ठेवू नि कुठली विकू?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

गॅरेजात इटलीच्या दोन गाड्या उभ्या होत्या. एक बाईंच्या वडिलांची, जुन्या जमान्यातली. गोलसर अंगाची, बारीक स्टिअरिंगची, इंजीन पुढे. दुसरी त्यांच्या दिवंगत यजमानांची, वीसेक वर्षांनी धाकटी. चपटी, टोकदार, वापर नसला की दिवे आत मिटून घेणारी, आणि इंजीन चक्क पाठीमागे! दोन्ही सांभाळणं बाईंना आता झेपत नव्हतं. या कामात मिस्त्रीचा शब्द शेवटचा. लाकडी काठीचं एक टोक इंजिनाला नि दुसरं कानाला लावायचा, की आतलं दुखणं सांगून मोकळा!

पण वर्षभरात त्याचे दोन्ही कान पार गेले होते, हे कुणाला ठाऊक नव्हतं. बोलणाऱ्याचे ओठ बघून नि इंजिनाची थरथर हाताने जोखून गडी वेळ मारून नेत होता. घरी बायको काहीही बोलली की ‘हो’ म्हणायचा. उतारवयात का होईना, नवरा सुधारला म्हणून ती बिचारी खूश होती.

जुन्या गाडीचं तोंड नि नवीची पाठ समोरासमोर आणून दोन्ही इंजिनं सुरू केली. आधी त्याने जुनीला काठी लावली. थरथर दांडगी होती. “म्हातारी खोकतेय हो,” तो म्हणाला. मग बाई नवीत जाऊन बसल्या. मिस्त्रीने वाकून काठी नवीच्या इंजिनाला लावली, आधाराला डावा हात जुनीच्या बॉनेटवर टेकला आणि डोळे मिटून घेतले.

“वा! काय सुरात चाललीय बघा! वडिलांची विका, बाई. यजमानांची ठेवा.”

डोळे उघडले, तर बाई मागे वळून त्याच्याकडेच बघत होत्या. चेहरा पार उतरलेला. “बरं मिस्त्री. तुम्ही म्हणाल तसं.” ओठांवरून त्याला कळलं.

इंजीन बंद करायला तो खिडकीतून आत वाकला. किल्ली चालूवरच होती, पण इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा शून्यावर. इंजीन केव्हाच बंद पडलं होतं, नि आत बसलेल्या बाईंना ते कळलं होतं. हाताला लागत होती ती जुनीची थरथर.

मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. बाई खो खो हसल्या असत्या तरी परवडलं असतं! ज्या गाडीवर त्या बापाशेजारी बसून चालवायला शिकल्या, ती गाडी त्या विकायला निघाल्या होत्या, का तर मिस्त्रीची अब्रू राहावी म्हणून. आता गप्प बसलं की झालं, कुणाला काही कळणार नव्हतं. नुसत्या विचारानेच त्याला स्वतःची किळस आली.

“विकू नका बाई. मला ऐकू येत नाही,” त्याने अगदी हलक्या आवाजात, फक्त बाईंपुरतं सांगितलं.

पलीकडचा वेल्डर हातातलं काम टाकून वळला. समोरचा पंक्चरवाला उठून उभा राहिला. रस्त्याने जाणारे दोघेतिघे थांबून आत बघू लागले. तेव्हा त्याला कळलं, आपण ओरडलो होतो.