पाव सेकंद उशिरा

ताईला हौशी रेडिओचा परवाना मिळून दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत तिने माइकवर एक शब्दही उच्चारला नव्हता. परीक्षेत ती पहिली आली होती आणि तिच्यासोबत बसलेला भोंगा काठावर पास झाला होता. भोंगा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. बस स्थानकात कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागणार हे माइकवरून सांगायची त्याची नोकरी. घरी आला की जेवताना मीठही तो त्याच पट्टीत मागायचा, म्हणून ताईनेच त्याचं हे नाव ठेवलं होतं. ठेवलं होतं म्हणजे चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, कारण ‘भ’ हा तिच्या वैऱ्यांपैकी एक.

ताई अडखळत बोलायची, अगदी लहानपणापासून. शब्द ओठांवर येऊन बसायचा आणि तिथून ढिम्म हलायचा नाही. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवायचं काम तिने बहुधा म्हणूनच धरलं असावं. समोर दिवसभर लोकांच्या तोंडांचे साचे असतात, पण साचे काही विचारत नाहीत. उरलेलं सगळं बोलणं भोंग्याच्या गळ्यात. दुकानात, बँकेत, डॉक्टरकडे तिने अर्धा शब्द काढला की पुढचं वाक्य तो पुरं करायचा. घरातला फोन तर फक्त त्याचाच. हे सगळं तो मायेने करायचा, ताईला त्याचा राग यायचा, आणि राग आला म्हणून स्वतःची लाजही वाटायची.

आता त्याची बदली झाली होती. रविवारी सामान घेऊन तो दुसऱ्या गावी जाणार होता आणि घरात ताई एकटी उरणार होती. आपलं बोलणार कोण, हा प्रश्न कवळीला पॉलिश करतानाही तिचा पिच्छा सोडत नव्हता.

त्यात तिला उपग्रहाचं वेड लागलेलं. इतके दिवस ती रेडिओवर मोर्सच्या टिंब-रेषांनी बोलायची आणि टकटक करायच्या किल्लीवर तिचा हात असा चालायचा की समोरचा दमायचा. पण हौशी लोकांसाठी सोडलेला, बुटांच्या खोक्याएवढा एक उपग्रह दिवसातून चार-पाचदा आकाशातून जातो, हे तिच्या वाचनात आलं. खालून गेलेला आवाज तो झेलतो आणि दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर पुन्हा खाली सोडतो. मुठीत मावणारा पाच वॅटचा सेट असला तरी हजार-दोन हजार किलोमीटरवरच्या माणसाशी बोलणं होतं. मात्र त्यावर मोर्स चालत नाही, तोंडानेच बोलावं लागतं. शिवाय तो एका वेळी एकालाच वाट देतो. दहा-अकरा मिनिटं तो वर असतो, तेवढ्यात सगळे त्याच्यावर तुटून पडतात आणि मोठ्या सेटवाले छोट्यांना दाबून टाकतात. मधे सेकंदभराची फट मिळाली की आपलं कॉलसाइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळालेली सहा अक्षरांची ओळख, घुसवायचं. ताईच्या कॉलसाइनचा शेवट बी-के-टी, रेडिओच्या भाषेत ‘ब्राव्हो किलो टँगो’. सरकारने शोधून शोधून तिच्या वैऱ्यांनाच एका रांगेत उभं केलं होतं.

‘‘जायच्या आधी तुझा एक तरी संपर्क लावून देतो,’’ भोंगा म्हणाला. ‘‘तुझं कॉलसाइन मी बोलतो. कोणाला कळणारे?’’

‘‘म-मला कळेल,’’ ताई म्हणाली.

‘‘मग तू बोलतेस?’’

ताईने नकारार्थी मान हलवली. शेवटी असं ठरलं, की भोंग्याने स्वतःच्याच कॉलसाइनवर बोलायचं आणि ताईने अँटेना धरायचा. तिचं पुढचं पुढे बघू.

पहिल्या दिवशी भोंग्याने हातातल्या सेटवर गळा मोकळा सोडला. बटण दाबून बोलत असताना त्या सेटवर काही ऐकू येत नाही, त्यामुळे आपण वर पोचतोय की नाही हे कळायला मार्ग नाही. त्याने थांबून कान दिला तेव्हा कुठल्यातरी वयस्कर गृहस्थाचा आवाज आला, ‘‘बाबा रे, आधी ऐकायला शिक. तू चौघांच्या बोलण्यावर ओरडतोयस.’’ भोंग्याचं तोंड एवढंसं झालं. बस स्थानकात त्याला असं कोणी कधी सुनावलं नव्हतं.

मग ताईने सूत्रं हातात घेतली. लॅपटॉपला बोटाएवढा रिसीव्हर लावला, त्याला हेडफोन जोडले. आता एकीकडे सेटवरून बोलायचं आणि त्याच वेळी उपग्रहाकडून खाली येणारा आवाज लॅपटॉपवर ऐकायचा. आपलाच आवाज कानात आला, की समजायचं, पोचलो.

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला दोघं गच्चीवर उभे राहिले. प्लास्टिकच्या नळीवर पोलादी मोजपट्टीचे तुकडे ठोकून ताईने अँटेना बनवला होता. तो उजव्या हातात धरून ती उपग्रहामागे फिरवत होती, पडद्यावरची आवाजाची रेघ बारीक झाली की मनगट वळवत होती, आणि उपग्रह सरकेल तशी डाव्या हाताने लॅपटॉपवर फ्रीक्वेन्सी थोडी थोडी खाली आणत होती. हेडफोन भोंग्याच्या कानांवर होते. रेघ मधेच तुटली, म्हणजे फट मिळाली. तिने भोंग्याला कोपराने ढोसलं.

भोंग्याने बटण दाबून तोंड उघडलं आणि दोन अक्षरांत त्याचं त-त-प-प झालं.

तो थांबला, खाकरला, पुन्हा बोलला. पुन्हा तेच. एका श्वासात चाळीस गाड्यांची नावं घेणारा माणूस स्वतःच्या सहा अक्षरांत ठेचकाळत होता. एक अक्षर दोनदा येई, दुसरं लांबे, तिसरं गळून जाई. तिसऱ्या प्रयत्नाला तो घामाने भिजला आणि त्याने हेडफोन काढून ताईसमोर धरले.

‘‘बिघडलंय हे! माझाच आवाज मागून येतोय आणि अंगावर पडतोय. बोलताच येत नाही!’’

उशीर लॅपटॉपचा होता. वरून आलेला आवाज कानापर्यंत पोचवायला तो पाव सेकंद घेत होता. ताईला हे अजून माहीत नव्हतं. तिला बोलण्यापेक्षा दुरुस्तीत जास्त रस, आणि बिघाड काय आहे हे बोलल्याशिवाय कळणार नव्हतं. तिने अँटेना भावाच्या हातात कोंबला, हेडफोन चढवले, त्याच्याकडून सेट घेतला, फट आली तसं बटण दाबलं. डोक्यात उपकरण होतं, म्हणून भीती आठवायला वेळच मिळाला नाही.

कानात एक बाई स्वच्छ म्हणाली, ‘‘ब्राव्हो किलो टँगो.’’

ताईचा पारा चढला. आपलं कॉलसाइन वापरणारी ही कोण भवानी? दरडावायला म्हणून तिने पुन्हा बटण दाबून आपलं कॉलसाइन ठणकावलं, तर ती बाईही पाव सेकंद मागून तेच बोलली, तशीच रागावून. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की ही भवानी आपणच. ज्या उशिराने भोंग्याची जीभ अडकली, त्याच उशिराने, कोणी सोबत बोलल्यासारखं होऊन, तिची सुटली होती.

‘‘ब्राव्हो किलो टँगो, ऐकतोय तुम्हाला,’’ दूरच्या एका पुरुषाचा आवाज आला. पहिल्या दिवशीचेच ते वयस्कर गृहस्थ. त्यांनी आपलं ठिकाण सांगितलं. ताईने आपलं सांगितलं. ‘‘नाव काय आपलं?’’ त्यांनी विचारलं. ताईने नाव सांगितलं, स्वतःचं, आडनावासकट, एका दमात. सांगताना तिच्या डोळ्यांना पाणी आलं आणि एक हात सेटवर, दुसरा लॅपटॉपवर असल्याने ते पुसायला हात मोकळा नव्हता. मागे बाकीचे खोळंबले होते, म्हणून तिने आभार मानून बटण सोडलं. दोन मिनिटांनी उपग्रह समोरच्या पाण्याच्या टाकीमागे बुडाला आणि कानात नुसती खरखर उरली.

तिने हेडफोन काढले. भोंगा अँटेना हातात धरून तसाच उभा होता.

‘‘झालं!’’ तिला म्हणायचं होतं. पण ‘‘झ-झ-’’ इथेच गाडी अडली. हेडफोनबाहेर सगळं पहिल्यासारखंच होतं, आणि तिचा चेहरा पडला.

भोंगा तिच्याकडे बघत होता. ‘‘मघाशी शब्द इथे होता,’’ तो गळ्याला हात लावून म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला. ‘‘इथे होता आणि येत नव्हता. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताई, तुला रोज असं होतं?’’

‘‘रो... रो...’’

एरवी त्याने ते अक्षर तिच्या तोंडातून ओढून काढलं असतं. आज तो गप्प राहिला. खालच्या रस्त्यावरून एक स्कूटर गेली, तिचा आवाज विरून गेला, तरी तो गप्पच होता.

‘‘रोज,’’ ताई म्हणाली.

मग तिने दम घेतला आणि पुढचं वाक्य सुरू केलं. त्याला पुष्कळ वेळ लागला. भोंग्याचे ओठ दोनदा हलले, दोन्ही वेळा त्याने ते मिटून घेतले.

‘‘र-रविवारच्या... सा-सामानाच्या... ट-ट-ट्रकवाल्याला... फोन... मी क-करते.’’

‘‘नंबर लिहून घे,’’ भोंगा म्हणाला.