चिंचोक्याची खळ

सन छत्तीसची गोष्ट. रविवारचा पुण्याचा पेपर सोलापुरात आला की मी शब्दकोडं घेऊन वाचनालयाच्या पायरीवर बसायचो. गिरणीत सुताला खळ लावायच्या खात्यात मी कारकून. पण वाचनालयात मला सगळे 'कोडंवाले सिद्धारामअण्णा' म्हणायचे, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

त्या रविवारी 'घोंगडीची खळ याची करतात, तीन अक्षरं' इथं मी अडलो. अर्थात अडलो असं मी मानलं नाही. खळीतलं मला कोण शिकवणार? मी 'तांदूळ' ठोकून दिला. त्यानं उभ्या ओळीतल्या काजव्याचा 'ळजवा' झाला, तरी मी संपादकालाच शिव्या देत बसलो.

शेजारी केराबाई घोंगड्या विकायला बसायची. धनगराची बाई, अक्षराची ओळख नाही. माझं पुटपुटणं ऐकून म्हणाली, "अण्णा, चिंचोका घाला की. चिंचोक्याबिगर घोंगड्याला खळ हुती व्हय?"

"तुला काय कळतंय कोड्यातलं?" मी खेकसलो. मग तिची नजर चुकवून घालून पाहिला. काजवा चपखल बसला.

"जुळलं न्हवं?" तिनं विचारलं. "बरूबर आलं तर काय करत्यात?"

"पेपरात नाव छापतात."

"मग माजं बी घाला की."

"घालतो," मी म्हणालो. बोलायला काय जातंय? पाठवताना खाली एकट्याचंच नाव लिहिलं.

तीन आठवड्यांनी निकाल आला. सगळं बरोबर असलेला सोलापुरातून मी एकटाच. वाचनालयात मला नारळ दिला. अध्यक्ष बसप्पांनी सगळ्यांदेखत विचारलं, "आम्ही सगळे तांदळापाशीच अडलो. तुम्हाला चिंचोका सुचला कसा?"

"जन्म खळीत गेला माझा," मी म्हणालो. टाळ्या पडल्या. तेव्हा माझी जीभ कशी झडली नाही, याचं आजही नवल वाटतं.

बाहेर आलो तर केराबाई उठून उभी राहिली. हात पदराला पुसून म्हणाली, "दावा की अण्णा, माजं नाव कुटं हाय?"

निदान तेव्हा तरी खरं बोलायला हवं होतं. पण दार उघडं होतं, आतल्यांना ऐकू गेलं असतं. मी माझ्याच नावावर बोट ठेवलं आणि हळू आवाजात म्हणालो, "हे काय. केराबाई."

तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि कपाळाला लावलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आन तुमचं?"

"माझं नाही छापलं."

तिचा चेहरा पडला. पेपर तिनं नीट घडी घालून माझ्या हातात परत दिला.

"म्हंजी माज्यापायी तुमचं ऱ्हायलं व्हय? पुडल्या खेपेला माजं घालू नगा, अण्णा. तुमचंच घाला."