इंद्रभान महाराजांची जीभ

मारुतीच्या पारावर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. शाळा सुरू होती, पण शाळेत मी एकटाच होतो, म्हणून मीही पारावर गेलो. पाटावर इंद्रभान महाराज बसले होते. पुढ्यात चांदीची डबी आणि डबीत नखाएवढी पांढऱ्या कागदाची चिठोरी. एकेकानं पुढं जायचं, जीभ काढायची, महाराजांनी तिच्यावर चिठोरं ठेवायचं.

"कडू?" महाराज विचारत.

"कडू जहर, महाराज!" माणूस थुंकत थुंकत सांगे.

"शुद्ध आहेस. जा."

ज्याला काहीच लागलं नाही, त्याची मात्र कंबख्ती. त्याच्या रक्तात सात पिढ्यांचा विखार! आज धडधाकट दिसतो, पण उद्या साखरेचा रोग धरणार, परवा गळ्याला गाठ येणार. विखाराला उतारा फक्त महाराजांकडं, आणि तो दुभती म्हैस दिल्याखेरीज उतरत नसे. महिनाभरात महाराजांच्या गोठ्यात म्हशी मावेनाशा झाल्या होत्या.

ही १९६८ सालची गोष्ट. अमडापूरपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावाला हे पटायला दोन मिनिटंही लागली नाहीत. साप चावलेल्या माणसाला आम्ही आधी कडुलिंबाचा पाला चावायला देतो. कडू लागला तर विष नाही, नाही लागला तर विष चढलं. ही अक्कल बापजाद्यांची. महाराजांनी फक्त त्यातला साप वगळला.

दुसऱ्याला कशाला हसू? मी मुलांना विज्ञान शिकवतो. आदल्या दिवशी चिठोरं माझ्याही जिभेवर ठेवलं होतं आणि मला काही म्हणजे काही लागलं नव्हतं. चारचौघांत मी ते हसण्यावारी नेलं, आणि घरी येऊन आरशासमोर तीनदा गळा चाचपला.

त्या सकाळी पाळी भगवंतरावांच्या घराची होती. वांग्या-कांद्याचे मोठे बागायतदार, गावातलं शहाणं माणूस. त्यांना कडू लागलं. त्यांच्या बायकोला, सत्यभामाबाईंना, तर उलटीच आली. मग लग्न ठरलेली त्यांची मुलगी कोकिळा पुढं झाली.

"मले काहीच नाही लागून राह्यलं," ती म्हणाली.

महाराजांनी डोळे मिटले. "बीज शुद्ध. भूमी शुद्ध. मग भगवंतराव, हे पीक कोणाच्या बियाण्याचं?"

रोख सत्यभामाबाईंवर आहे, हे सगळ्यांना कळलं. भगवंतरावांची आई झुंबरबाई तेवढी बोलली, "मले पह्यल्यापासूनच शक होता."

वीस वर्षांचा संसार एका चिठोऱ्यावर मोडला. दुपारी सत्यभामाबाईंची लोखंडी पेटी बैलगाडीत पडली. कायमचं माहेर, पिंपळगाव राजा. गाडी पारापाशी आली, तेव्हा कोकिळा चाकाला धरून रडत होती आणि भगवंतराव जमिनीकडं बघत उभे होते. मला स्वतःची लाज वाटली. मी धावतच दवाखान्यात गेलो आणि महिन्याच्या रजेवरून त्याच दुपारी परतलेल्या आमच्या नर्सबाईंना, बेबीताईंना, सगळं सांगितलं.

बेबीताई ऐकता ऐकता लाल झाल्या. "मास्तर, शाळेत पांढरा टिपकागद हाये काय? अन् चला लवकर."

पारावर पोचताच त्यांनी हात पुढं केला. "महाराज, हे घ्या चिठोरं. शुद्ध माणसाचं तोंड कसं होते ते आमाले पाहू द्या."

एवढ्या भक्तांसमोर नाही कसं म्हणणार? महाराजांनी चिठोरं जिभेवर ठेवलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि ओरडले, "हलाहल! पाणी आणा!"

"मास्तर, सांगा कागद कुठला हाये तं."

"माझ्या टेबलावरचा टिपकागद," मी म्हणालो. "शाई टिपायचा. कोरा."

"आता हे घ्या," म्हणून बेबीताईंनी महाराजांच्याच डबीतलं चिठोरं काढलं, फाडून अर्धं त्यांना दिलं आणि अर्धं समोरच्या कडूबाला. महाराज आता सावध झाले होते. "हेही कोरंच आहे! बाई, देवाची थट्टा करू नको!" ते गरजले. तोवर कडूबा विहिरीकडं पळत सुटला होता. "बापा! कडू जहर हाये हो!"

लोक आधी हसले आणि मग महाराजांकडं बघू लागले.

"दोन सालांमागं नागपूरचे डॉक्टर माह्या पह्यल्या, अमडापूरच्या दवाखान्यात मुक्कामी होते," बेबीताई म्हणाल्या. "या कागदाले दवा लावेल असते. कोणाले ते कडू लागते, कोणाले लागतच नाही. जसे कोणाचे डोळे घारे, कोणाचे काळे. जन्माचंच असते ते, आई-बापाकडून येते. अशा लोकाइले गळ्याची गाठ नाहीतं साखरेचा रोग लवकर धरते काय, हे ते डॉक्टर पाहून राह्यले होते. हजार जिभा तपासून म्हणत, आताच सांगता येत नाही. अन् हा इंद्रभान त्याइचा आचारी, याले एका जिभेत सारं समजलं! याच्याही जिभेले काही लागत नाही, म्हणून तं याचं कारलं कोणाच्या घशाखाली उतरत नव्हतं. जातानी कागदाचा डबा घेऊन पयाला."

"पण आई-बापाले कडू अन् पोरीले नाही, हे काऊन?" भगवंतरावांनी विचारलं.

"तुमची कोंबडी काळी, कोंबडा काळा. मांगच्या साली एक पिलू पांढरं निघालं, तवा कोंबडीले माहेरी धाडलं काय? आई-बापात कडू न लागायचा एक एक वाटा लपून राहाते. दोन्ही वाटे पोरीले भेटले की दिसते." मग त्या वळल्या. "झुंबरबाई, तुमी चाखलं काय?"

"माही काय परीक्षा घेतं वं?" म्हणत झुंबरबाईंनी तोऱ्यात जीभ काढली. चिठोरं चघळलं. पुन्हा चघळलं. चेहरा हळूहळू उतरला.

"काहीच तं नाही लागून राह्यलं," त्या पुटपुटल्या.

"नात आजीवर गेली," बेबीताई म्हणाल्या. "भगवंतराव, तुमचा वाटा तुमच्या आईकडून आला. बायकोले काय इचारता?"

इंद्रभान तोवर पाट सोडून शेतातून पळाला होता. म्हशी ज्याच्या त्यानं सोडून नेल्या.

मंडळी, उद्या नवा महाराज येईल. डबी सोन्याची असेल, विखाराचं नावही नवं असेल. तेव्हा एवढंच करा. त्याची परीक्षा आधी त्याच्यावरच घ्या, आणि कोणता कागद कुठला ते त्याला सांगू नका. आणि घरच्या माणसाला घराबाहेर काढण्यापूर्वी निदान एखाद्या जाणत्याला विचारा. मी विज्ञानाचा मास्तर असून आरशाला विचारत बसलो होतो.

त्या दुपारी भगवंतराव गाडीपाशी गेले आणि पेटी उतरवू लागले. सत्यभामाबाईंनी पेटीवर हात ठेवला.

"राहू द्या. मी जातो माहेरी. मंगाशी तुमी धाडत होते, आता मी माह्या मनानं जातो. पोरीच्या हळदीले येईन." मग सासूकडं पाहत त्या गाडीवानाला म्हणाल्या, "हाक रे गाडी."